सुपरवायझरच्या कानापर्यंत

अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याच्या हाती लॉगबुक देतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान, दाब, बॅच कुठवर आली, सगळं त्यात असतं. पण कामाचं बरंचसं त्या चार-पाच मिनिटांत तोंडीच सांगितलं जातं. ‘तो व्हॉल्व्ह जरा जड चालतोय’, ‘मघाशी कूलिंगचं पाणी कमी झालं होतं, बघून घे.’ हे शिफ्ट इनचार्जच्या कानावर जाईल की नाही, हे तो इनचार्ज कसा आहे यावर ठरतं. मागच्या खेपेला असं सांगणाऱ्याला चारचौघांत झापलं असेल, तर या खेपेला तो गप्प बसतो. जून 2021मध्ये बदलापूरच्या एका कारखान्यातून रात्री वायुगळती झाली आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या लोकांना श्वास घेणं कठीण झालं. प्रत्येक दुर्घटनेची कारणं निराळी असतात. पण वस्ती इतकी जवळ असताना व्हॉल्व्हबद्दलची कुरबूर वेळेत वर पोहोचणं हा साऱ्या गावाच्या जिवाचा प्रश्न होतो.

हा इनचार्ज पुष्कळदा कालचा उत्तम ऑपरेटर असतो. यंत्र शिकायला त्याला काही वर्षं मिळालेली असतात. माणसं सांभाळायला मात्र बढतीच्या दुसऱ्या दिवशीच लागायचं असतं. त्याच्यासाठी आता मोबाइल ॲप आली आहेत. व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. एवढ्यावर नेतृत्व येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम झाला, हे कळल्याशिवाय वागणं बदलत नाही, आणि तंत्रज्ञानाचा खरा उपयोग तिथेच आहे.

पण हा परिणाम कळायचा तर समोरच्याने न भिता बोलायला हवं. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले: चांगल्या गटांतच जास्त चुकांची नोंद होती. शोध घेतल्यावर उलगडलं ते असं, की तिथे चूक झाल्यावर ती सांगायची भीती नव्हती. इतरत्र चुका झाकल्या जात होत्या. म्हणूनच ‘महिनाभरात एकही तक्रार नाही’ असा फलक ज्या प्लांटमध्ये दिसेल, तिथे मला आधी काळजी वाटेल.

निनावी निरोप पाठवायची सोय ही भीती थोडी कमी करते. बेंगळुरूच्या एका मोठ्या कपडे उत्पादक कंपनीत पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी झाली, तेव्हा काही कामगारांना निनावी सर्वेक्षणात मन मोकळं करू दिलं. त्यांच्यात नोकरी सोडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भागवलं जातं. पण तिथे निरोपासोबत नाव आणि नंबर जातो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत तर लिहिण्यापेक्षा बोलून, तेही हिंदीत, निरोप ठेवता आला तरच कारागीर तो ठेवेल.

आलेले निरोप इनचार्जला परत कसे सांगायचे, यातही मेख आहे. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडल्याचं दिसलं. माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे गेलं, की असं घडतं. ‘तुमचे नेतृत्वगुण पाचपैकी अडीच’ हा निरोप म्हणूनच निरुपयोगी आहे. ‘व्हॉल्व्हबद्दलच्या तीन निरोपांना उत्तर द्यायला दोन दिवस लागले’ हे वाचून मात्र उद्या काय करायचं ते कळतं.

अशा नेमक्या, रोजच्या नोंदींनी काम सुधारतं, याला भक्कम पुरावा आपल्याच पट्ट्यातला आहे. 2008च्या सुमारास स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि सहकाऱ्यांनी तारापूर (तेव्हा ठाणे जिल्ह्यातच) आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. काही कारखान्यांना सल्लागार दिले. कापडातल्या दोषांची रोज नोंद, त्यावर व्यवस्थापकांची रोज बैठक, सुताच्या साठ्याचा हिशेब, अशा 38 पद्धतींवर काम झालं. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. मालकांनी व्यवस्थापकांना जास्त अधिकार दिले आणि संगणकाचा वापरही वाढला. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी रोजची सवय, मग तिच्या गरजेपोटी संगणक.

संशोधक 2017मध्ये पुन्हा गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांना वेळ मिळेना, ही त्यातली मोठी कारणं. अंबरनाथ-बदलापूरच्या छोट्या युनिटना हे नेमकं लागू पडतं. इनचार्ज दुसऱ्या कंपनीत गेला की त्याच्या फोनमधलं सगळं त्याच्याबरोबर जातं. निरोपांची नोंद प्लांटच्या नावावर राहायला हवी, आणि नव्या इनचार्जने पहिल्या आठवड्यात मागच्या सहा महिन्यांचे निरोप वाचून, ज्यांना उत्तर गेलेलं नाही त्यांना आधी उत्तर द्यायला हवं.