नवी भाषा, जुनाच कंपायलर

गैरसमज: नव्या प्रोग्रामिंग भाषेसाठी कंपायलर पहिल्या ओळीपासून लिहावा लागतो. अभियांत्रिकीच्या वर्गांत हे इतक्या निष्ठेने सांगितले जाते, की पाठ्यपुस्तकातली आकृतीच ते खोडून काढते याकडे लक्ष जात नाही.

वस्तुस्थिती: कंपायलरचे तीन भाग असतात. फ्रंट एंड भाषेचे व्याकरण तपासून प्रोग्राम मध्यवर्ती रूपात उतरवतो, मधला भाग ते रूप सुधारतो आणि बॅक एंड त्यातून प्रोसेसरचा मशीन कोड काढतो. मूळ भाषा कोणती होती याच्याशी बॅक एंडला फारसे देणेघेणे नसते. रेल्वेचेच पाहा: बार्शीचा माल मुंबईला किंवा मद्रासला धाडायला वेगळे रूळ टाकावे लागले नाहीत. 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे तो कुर्डुवाडीला पोचवी. पुढे मोठी लाइन होतीच. नव्या भाषेनेही आपली कुर्डुवाडी, म्हणजे मध्यवर्ती रूप, गाठले की झाले. पाच भाषा आणि चार प्रोसेसर असतील तर वीस कंपायलर लागत नाहीत. पाच फ्रंट एंड आणि चार बॅक एंड पुरतात.

जीसीसी हा कंपायलर 1987 मध्ये आला तो फक्त सी भाषेसाठी. भाषा वाढत गेल्या आणि 1999 मध्ये नावातला ‘सी कंपायलर’ जाऊन ‘कंपायलर कलेक्शन’ आले. ख्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर विक्रम आडवे यांनी 2000 मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या एलएलव्हीएम या सामायिक मधल्या भागावर आणि बॅक एंडवर आज रस्ट, स्विफ्ट आणि ज्युलिया चालतात. मग फ्रंट एंड आठवड्याभरात होतो का? तेही खोटे. जीसीसीच्या 2023 मधल्या 13 व्या आवृत्तीत रस्टच्या फ्रंट एंडचा फक्त पाया आला, वापरण्याजोगा फ्रंट एंड पुढच्या आवृत्तीवर ठेवला गेला.

गैरसमज: कंपायलर झाला की चुका शोधायला मदत करणारा डीबगर आपोआप चालतो. तसे होत नाही. कुर्डुवाडीला माल गाडी बदलतो, म्हणून सोबत बिल्टी लागते. इथली बिल्टी म्हणजे ड्वार्फ नावाच्या साच्यातली माहिती: व्हेरिएबलची नावे, त्यांचे प्रकार, ओळींचे क्रमांक. ती फ्रंट एंडने भरून द्यायची आणि डीबगरने वाचायची. शिवाय पदावली समजणे आणि मूल्ये त्या भाषेच्या रीतीने छापणे डीबगरला वेगळे शिकवावे लागते. जीडीबी हा डीबगर रस्ट शिकला तो 2016 मध्ये. अनोळखी भाषेसाठी त्याच्याकडे ‘मिनिमल’ नावाची तात्पुरती सोय असते. ती साधारण सी भाषेइतकेच जाणते, असे त्याची मार्गदर्शिकाच सांगते.

गैरसमज: पायथनला कंपायलर नसतो. असतो, तो बाइटकोड बनवतो.

गैरसमज: व्हेरिएबलच्या देवनागरी नावांसाठी निराळा कंपायलर हवा. नको. पायथन 3 अशी नावे 2008 पासून घेतो, जीसीसी 2020 च्या 10 व्या आवृत्तीपासून थेट. ‘जर’, ‘नाहीतर’ हे आज्ञाशब्दही मराठीत हवे असतील, तर मुख्य बदल शब्द ओळखणाऱ्या पहिल्या टप्प्यातच होतो.