विश्रांतीचे तास आणि झोपेची वेळ

रेल्वेचालकांच्या थकव्याचा विचार भारतात प्रामुख्याने कामाच्या तासांच्या हिशेबाने झाला असून, त्या हिशेबाचा पाया न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या 1947 च्या लवाद-निवाड्याने घातला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. श्रमाच्या तीव्रतेनुसार रेल्वेतील कामांची त्यांनी केलेली वर्गवारी 1989 च्या रेल्वे अधिनियमातही टिकून आहे : ‘सतत’ स्वरूपाच्या कामाला आठवड्याला सरासरी 54 तास, ‘तीव्र’ कामाला 45. गाडी चालवणे ‘सतत’ वर्गात मोडते. याशिवाय चालकाला महिन्यातून किमान 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच विश्रांती, त्याही पूर्ण रात्रीसह, मिळाल्या पाहिजेत. तास मोजण्यात ही व्यवस्था काटेकोर आहे. परंतु माणसाची झोप किती तास मोकळे मिळाले यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ते तास दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळाले यावरही असते, आणि कायद्याचे लक्ष नेमके तेथे उणे पडते.

ही उणीव कल्याणमध्ये विशेष स्पष्ट दिसते. येथून एक लोहमार्ग कसारा घाटाकडे आणि दुसरा कर्जतमार्गे बोरघाटाकडे जातो, आणि येथील लॉबीत, म्हणजे चालकांनी हजेरी लावून गाडीवर निघण्याच्या कार्यालयात, दोन अगदी वेगळी वेळापत्रके नांदतात. लोकलच्या मोटरमनला ‘लिंक’ असते. कोणत्या दिवशी कोणती गाडी, हे त्या फिरत्या तक्त्यात आधीच ठरलेले असते. मालगाडीच्या लोको पायलटला मात्र गाडी निघण्याच्या बेतात आली की ‘कॉल’ येतो, मग तो दुपारी येवो वा मध्यरात्री. आठ तासांहून अधिक काम झाल्यास मुख्यालयात 16 तासांची विश्रांती देण्याचा नियम आहे. सकाळी सहाला काम संपवणाऱ्या चालकाचे हे 16 तास रात्री दहाला पुरे होतात, म्हणजे कागदावर नियम पूर्ण पाळला जातो आणि तरीही बहुतेक विश्रांती उजेडात जाते. दिवसा शरीराचे तापमान चढते असल्याने झोप तुटक आणि आखूड होते. त्यात रुळांच्या दोन्ही अंगांना दाटीने वसलेल्या डोंबिवली-कल्याणात दिवसाची शांतता ही चैनच म्हणावी लागेल.

शरीराचे जैविक घड्याळ, म्हणजे जाग आणि झोप यांची सुमारे 24 तासांची अंतर्गत लय, पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सर्वांत मंद असते. स्वीडनमधील टोर्सवाल आणि ओकरस्टेट यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 रेल्वेचालकांच्या मेंदूतील विद्युतलहरी गाडी चालवतानाच नोंदवल्या, तेव्हा रात्रीच्या फेऱ्यांत पेंगेच्या स्पष्ट खुणा आढळल्या. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या लोकलमध्ये तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 80 मीटरांहून अधिक अंतर आहे. हात सुटताच ब्रेक लावणारी ‘डेड मॅन’ मूठ पेंगणाऱ्याच्या सवयीच्या पकडीपुढे अपुरी पडू शकते, म्हणून मुंबईच्या उपनगरी मार्गावर धोक्याचा सिग्नल जवळ येताच मोटरमनला इशारा देणारी आणि प्रतिसाद न मिळाल्यास गाडी थांबवणारी पूरक यंत्रणा बसवलेली आहे. ती अपघात टाळते, थकवा नव्हे.

लिंकमुळे मोटरमनचा प्रश्न सुटतो असेही नाही, कारण लिंक माणसांच्या पुरेशा संख्येवर उभी असते. 10 फेब्रुवारी 2024 रोजी एका दिवंगत सहकाऱ्याच्या कल्याण येथील अंत्यसंस्काराला मध्य रेल्वेचे मोटरमन गेले आणि जादा काम त्यांनी नाकारले, तेव्हा एका दिवसात अनेक लोकल रद्द झाल्या. रोजची वाहतूक जादा कामावर किती विसंबून आहे याचा इतका उघड पुरावा एरवी मिळत नाही.

वेळापत्रक बदलल्याने काय घडू शकते हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 1 डिसेंबर 2013 रोजी दिसले. दुपारनंतरच्या पाळीवरून काही आठवड्यांपूर्वीच पहाटेच्या पाळीवर आलेला चालक पेंगला आणि गाडी वळणावर घसरून चार प्रवासी दगावले. झोपेत श्वास अडवणारा ‘स्लीप अॅप्निया’ हा त्याचा विकारही अपघातानंतरच निदानात आला.

कामावर येणाऱ्या चालकाच्या श्वासातील मद्य यंत्राने तपासले जाते; झोपेच्या तुटीसाठी असे यंत्र नाही, त्यामुळे ती वेळापत्रकातच भरून काढावी लागते. सलग दोनहून अधिक रात्री काम देऊ नये, ही लोको पायलटांच्या संघटनांची जुनी मागणी म्हणूनच सवलतीची नव्हे, सुरक्षेची आहे. ती मान्य करून जागा भरण्याचा खर्च रेल्वेने उचलला पाहिजे.