प्यूमा ५६० : सहा सांध्यांचा यंत्रबाहू

यंत्राचा हात कसा घडवावा आणि घडल्यावर त्याला हुकमात कसे ठेवावे, या दोन प्रश्नांचा निकाल एकाच वेळी, एकमेकांच्या संमतीने लावावा लागतो, ही गोष्ट ज्या यंत्रात मला सर्वांत स्पष्टपणे दिसते, ते यंत्र म्हणजे अमेरिकेतील युनिमेशन कंपनीचा ‘प्यूमा ५६०’ हा बाहू होय. याच कंपनीचा ‘युनिमेट’ १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात रुजू झाला होता. पण तो तेलाच्या दाबावर चालणारा, अवजड कामाचा गडी होता. प्यूमाचे कूळ निराळे. व्हिक्टर शाइनमन यांनी १९६९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात विजेवर चालणारा, संगणकाच्या आज्ञेत राहणारा बाहू रचला. पुढे त्यांची कंपनी युनिमेशनने घेतली आणि जनरल मोटर्सच्या साहाय्याने १९७८ साली प्यूमा सिद्ध झाला.

कोणतीही वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या रोखाने धरावयाची, तर जागेसाठी तीन आणि रोखासाठी तीन अशा सहा स्वतंत्र गती लागतात. म्हणून प्यूमाला सहा सांधे आहेत, आणि ते सगळे फिरते आहेत. सांध्यांचे कोन ठाऊक असले म्हणजे पंजा कोठे आहे हे काढणे सोपे; परंतु कारखान्यात गरज असते ती नेमकी उलट हिशेबाची, म्हणजे पंजाची जागा ठरवून कोन शोधण्याची, आणि तेथे समीकरणे अशी गुंततात की भल्याभल्यांची मती कुंठित व्हावी. डोनाल्ड पायपर यांनी १९६८ साली दाखवून दिले की, लागोपाठच्या तीन सांध्यांचे अक्ष एकाच बिंदूत मिळत असतील, तर हा गुंता सुटतो. प्यूमाच्या मनगटाचे तिन्ही अक्ष तसेच मिळतात. त्यामुळे आधीचे तीन सांधे मनगटाची जागा ठरवितात, शेवटचे तीन रोख सांभाळतात. एका जागेला आठपर्यंत उत्तरे निघतात, कारण खांदा, कोपर आणि मनगट यांना प्रत्येकी दोन ठेवणी साधतात. लोखंड ओतण्यापूर्वी गणिताची सोय पाहणारी ही दूरदृष्टी मला या यंत्राचे खरे वैभव वाटते.

नियंत्रणाची व्यवस्था दोन पायऱ्यांची. मुख्य संगणक दर २८ मिलिसेकंदांनी प्रत्येक सांध्याला पुढचे लक्ष्य कळवी. सांध्यागणिक नेमलेला छोटा प्रक्रियक मिलिसेकंदाच्याही आत मोटरीवरील मापकाशी रुजुवात करून, जो फरक आढळेल त्या मानाने विद्युत्प्रवाह कमीजास्त करी. पण भरलेली घागर हात लांबवून धरताना खांद्यावर जसा भार येतो, तसा पसरलेल्या बाहूच्या खांद्यावरही येतो, आणि एक सांधा वेगाने हलला की दुसऱ्याला हिसका बसतो. प्रत्येक सांध्याकडे स्वतंत्रपणे पाहणारी व्यवस्था हे सारे सोसू शकली ती दंतचक्रांमुळे. कारण बाहूचे जडत्व मोटरीला दंतचक्रांच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागून जाणवते. वेग वाढला की मात्र ही सवलत अपुरी पडते, आणि बाहूच्या गतिशास्त्राचा संपूर्ण हिशेब मांडावाच लागतो.

अडीच किलो भार उचलून, एकाच जागी पुन्हापुन्हा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या चोखपणे परतणाऱ्या या बाहूची मापे पाठ्यपुस्तकांत आजही भेटतात. रोबॉटशास्त्राचा अभ्यास आरंभणाऱ्याने ती मापे घेऊन मनगटाची समीकरणे एकदा तरी स्वहस्ते सोडवावीत.