खळ्याच्या कडेचा कठडा
कोकणात डोंगरउतारावर घर बांधताना खळ्याखालची भरावाची माती अडवण्यासाठी चिऱ्यांची संरक्षक भिंत घातली जाते. मात्र तिचा माथा खळ्याच्या पातळीलाच संपत असल्याने व पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरत असल्याने पाय घसरलेल्या माणसाला अडवणारे काहीच उरत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत गच्ची व सज्जा यांच्या कठड्यासाठी सांगितलेली किमान १ मीटर उंची येथेही पाळणे इष्ट. मात्र कठड्याचे खांब भिंतीच्या माथ्यावरच रोवले, तर कठड्यावर रेललेल्या माणसाचा रेटा तरफेप्रमाणे खांबाच्या बुडाशी कितीतरी पट वाढतो व खांबासह वरचा चिराच उखडू शकतो. म्हणून खांबांना भिंतीच्या आत, खळ्याच्या बाजूस, काँक्रीटचा स्वतंत्र पाया द्यावा. कठड्याच्या सळ्या उभ्याच असाव्यात, कारण आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांना आयतीच शिडी.