खाऱ्या वाऱ्यातील पोलाद

वेसाव्याहून सुटलेली तर सकाळी मढच्या धक्क्याला लागते, तेव्हा मासळीच्या पाट्या, मोटारसायकली आणि रात्रपाळीहून परतणारे चाकरमाने यांच्या दाटीतून गेली काही वर्षे एक निराळाच समुदाय उतरताना दिसतो. अंगाला घट्ट बसलेले रंगीत कपडे, डोक्यावर शिरस्त्राण आणि एका हाताने सहज उचलता येईल अशी कार्बनची सायकल, असा या मंडळींचा सरंजाम असतो, आणि एरंगळ, आक्सा, मार्वे असा रस्ता धरून ती मालाडकडे निघून जातात. क्वचित त्यांच्यात एखादा असा निघतो, की ज्याच्या सायकलीच्या नळ्या सडपातळ आणि सरळ आहेत, नळ्यांच्या सांध्यांवरील खोळींना नक्षीच्या कडा आहेत आणि गिअर बदलण्याच्या दोन लहान दांड्या हँडलवर नसून खालच्या तिरप्या नळीवर आहेत. बाकीचे पुढे गेले तरी धक्क्यावरची म्हातारी माणसे याच्यापाशी थांबतात, नळीवर नखाने टिचकी मारून पाहतात आणि विचारतात, "पोलादाची काय?"

अशा जुन्या पोलादी शर्यती सायकली हुडकून काढण्याचा, त्यांचा गंज उतरवून त्यांना पुन्हा रस्त्यावर आणण्याचा आणि त्यांच्या अंगी आजच्या काळाचे काही गुण चढवण्याचा छंद मुंबई-पुण्याकडे आता चांगलाच रुजला आहे. या छंदाचा आढावा मढमध्ये बसून घेण्यात एक सोय अशी, की पोलादाचा शत्रू येथे दारातच उभा असतो. वलांडीवर बोंबील वाळवणारा जो वारा, तोच सायकलीचे आरे खातो. हवेतील मिठाचा सूक्ष्म कण धातूवर बसला की हवेतलाच ओलावा शोषून तो स्वतःभोवती पाण्याचे एक पटल धरतो, आणि शहरात ज्या सायकलीला दहा वर्षांनी गंज धरायचा, तिला इथे दोन पावसाळ्यांत धरतो. त्यातही वरून दिसणारा गंज परवडला. सीटच्या नळीतून आत गेलेले पाणी खाली पायडलच्या आसाच्या पेटीत साचते आणि तिथे नळी आतून कुरतडत बसते. बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना एके दिवशी ती पोकळ फांदीसारखी बसते. यावर जवसाचे तेल आत फिरवून ते सुकू देणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे. माझे शेजारी नाखवा, ज्यांची होडी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत दरसाल खरवडून रंगवली जाते, त्यांना मी या तेलाची महती सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, होरीला दरसाल रंग लावतांव, तुमचे सायकलीला एकदाच लावून कसा चालल?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सायकलीच्या पोलादाची कुलकथा बर्मिंगहॅमच्या एका खिळे करणाऱ्या घराण्यापाशी जाते. त्या घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने १८९७ साली अशा नळीची सनद मिळवली, की जिची जाडी मध्यभागी कमी आणि दोन्ही टोकांस, जिथे झाळकामाची आंच व सांध्याचा ताण सोसावा लागतो तिथे, अधिक. बाहेरून मात्र नळी एकसारखी. हा फरक मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच, परंतु सायकल हलकी आणि लवचीक होते ती त्यानेच. पुढे १९३५ साली याच कारखान्याने मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेले '५३१' हे पोलाद बाजारात आणले, आणि त्या तीन आकड्यांचे लहानसे लेबल सीटखालच्या नळीवर दिसले की जाणकाराचा हात आजही आपोआप खिशाकडे जातो. इटलीत मिलानच्या कोलंबस नळ्यांनी असाच लौकिक मिळवला. एडी मेर्क्स याने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते पावणेसहा किलो वजनाच्या पोलादी सायकलीवर. पोलाद म्हणजे जडत्व असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी धरावा.

आपल्याकडे आल्या त्या बहुतांशी विलायतेच्या साध्या, थोराड सायकली. त्यांची ओळख पटवण्यास नाव वाचावे लागत नसे, पायडलजवळचे दातेरी चाक पाहिले की पुरे. रॅलेच्या चाकात बगळ्यांची डोकी कातरलेली असत, हंबरच्या चाकात पाच माणसे धावत, रजच्या चाकात उघडा पंजा असे. आणि बीएसएच्या बिल्ल्यावर एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण तो कारखाना मुळात बंदुकांचा. हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असे, आणि ती सायकल दाराशी उभी असणे म्हणजे घरच्या ऐपतीचा दाखलाच मानला जाई.

या सायकलींची आणि मुंबईची गाठ किती घट्ट होती हे सांगण्यास एकच हकीकत पुरे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस सायकलींवर निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी परतले. वाळवंटात आणि बर्फात त्यांच्या दिमतीस कोणताही कारखाना नव्हता. मोडलेले पोलाद वाटेवरचा कोणताही लोहार जोडू शकतो, एवढाच त्यांचा भरवसा. कार्बनच्या सायकलीवर हा प्रवास झाला असता तर पहिला तडा गेला त्या मुक्कामीच तो संपला असता, असे मी म्हणतो तेव्हा माझे तरुण मित्र रागावतात, रागावोत.

देशी कारखानदारीचा इतिहास मी थोडक्यातच सांगतो, कारण तो शर्यती सायकलींना फारसा स्पर्श करीत नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली स्थापन झालेली टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ ची अ‍ॅटलस, लुधियानात १९५६ ची हीरो. यांतील पहिले दोन डबघाईस आले आणि १९८० साली कायदा करून सरकारने ते ताब्यात घेतले. या सर्वांनी सामान्य माणसास दणकट वाहन दिले, दूध, गॅस आणि टपाल वाहून नेले, यात त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु बारीक नळीची हलकी सायकल ही त्यांच्या दृष्टीने चैन होती. म्हणून बोरघाट चढून जाणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीतल्या ज्या गड्यांना 'घाटाचा राजा' हा किताब हवा असे, ते विलायती सायकलीची स्वप्ने पाहत. अशी एखादी सायकल कोणाच्या तरी आगबोटीवरच्या नातेवाइकाबरोबर येई, दोन-तीन हात बदले आणि शेवटी माळ्यावर जाई.

पुण्याने ही वाहने जतन करण्यात मुंबईवर मात केली आहे, हे कबूल केले पाहिजे. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय ज्यांनी पाहिले, त्यांना दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे पाहता आली असेल. आणि सायकल पूर्ण उकलून, गोळ्या घासलेटमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा जोडण्याच्या विधीला 'ओव्हरऑयलिंग' हे नाव पेठांमधूनच रूढ झाले. मूळ शब्द 'ओव्हरहॉलिंग' असला तरी तेलाचा उल्लेख नसलेला शब्द सायकलीस शोभत नाही, असे त्या कारागिरांना वाटले असावे, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

माझी स्वतःची सायकल अशाच एका माळ्यावरून आली. बोटीवर नोकरीस असलेल्या एका गृहस्थाने साठाच्या दशकात आणलेली, नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली पाच गिअरची रॅले. तिच्यावर कित्येक वर्षे जाळी वाळत घातलेली होती. ती मी एका रंगकाम करणाऱ्याकडे दिली ही माझी पहिली चूक. त्याने वाळूचा फवारा मारून तिला लख्ख केले, सीटच्या सांध्यावर कोरलेला क्रमांक घासून सपाट केला आणि पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला, जो दोन रिव्हेटांवर बसलेला होता, त्याविषयी 'मोडीत गेला असेल' असे सांगून हात झटकले. आपल्याकडे जीर्णोद्धार या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासण्याची आणि गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरशा बसवण्याची जी रीत पडली आहे, ती सायकलींनाही सोडत नाही. गंज मूळ रंगाच्या आड दडला असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात भाग बुडवून तो उतरवता येतो आणि रंग बराचसा वाचतो. निकेलचा मुलामा बारीक पितळी ब्रशाने उजळता येतो. हे मला नंतर कळले.

दुसरी चूक मात्र टळली, ती केवळ मालाडच्या एका वृद्ध कारागिरामुळे. पायडलच्या आसाची पेटी उघडायची म्हणून मी पान्हा लावून उजवीकडची वाटी नेहमीप्रमाणे डावीकडे पिळू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत त्या वाटीचे आटे उलटे असतात, ती उजवीकडे पिळल्यावर सुटते. मी जोर लावत राहिलो असतो तर ती अधिकच आवळली असती. शिवाय रॅलेचा आणखी एक हेका असा, की इतर इंग्रज कारखाने इंचाला चोवीस आटे पाडीत असता तिने नॉटिंगहॅमच्या सायकलींना सव्वीस पाडले. बाहेरून वाटी तशीच दिसते, दोन फेरे सुरळीत बसतेही, आणि तिसऱ्या फेऱ्यास आटे खाऊन टाकते. सबब जुन्या वाट्या जपून ठेवाव्या, आस व गोळ्या नव्या घ्याव्या. पायडलची दांडी म्हणजे क्रँक आसावर धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिला पाहिजे, नाहीतर हातोड्याचा प्रत्येक घाव गोळ्यांच्या मार्गावर खळगा पाडतो, हेही त्यांनीच शिकवले. हँडलची अ‍ॅल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत अडकून बसली होती. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकत्र आले की त्यांच्यात घरबसल्या विजेचा व्यवहार सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम फुगून नळीला धरते. ती सुटण्यास अकरा दिवस, अर्धी बाटली तेल आणि घरातल्यांची पुष्कळ बोलणी लागली.

आता सुधारणांविषयी. येथे दोन पंथ आहेत. एकास मूळचा स्क्रूदेखील बदललेला खपत नाही. दुसरा जुन्या फ्रेमवर सगळाच नवा सरंजाम चढवून मोकळा होतो. इटलीत गायोले या गावी १९९७ पासून 'एरोइका' नावाची कच्च्या रस्त्यांची यात्रा भरते, आणि तीत १९८७ पूर्वीच्या घडणीच्या, तिरप्या नळीवर गिअरदांड्या असलेल्या सायकलींनाच प्रवेश असतो. पहिल्या वर्षी ९२ स्वार होते. आज ती यात्रा जगभरच्या शौकिनांची पंढरी झाली आहे. तो नियम तिथल्यासाठी ठीक. मला रोज मार्वे रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आणि ट्रकांच्या शेजारून जायचे असते, आणि ओल्या पोलादी रिमवर ब्रेकचे रबर किती बेइमान होते हे पावसात एकदा अनुभवले, की पावित्र्याचा आग्रह आपोआप मवाळ होतो. माझा दंडक एवढाच आहे की जे काढून ठेवून मूळ वस्तू पुन्हा बसवता येईल तेवढेच बदलावे. भोक पाडू नये, कापू नये, झाळू नये.

या दंडकात पुष्कळ काही बसते. जुनी सत्तावीस इंची रिम ६३० मिलिमीटरची, आजची प्रचलित ६२२ ची; म्हणजे त्रिज्येत चार मिलिमीटरांचा फरक, आणि माझ्या ब्रेकच्या खाचेत रबर तेवढे खाली सरकवण्यास जागा होती. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम बसवल्या, टायर जरा रुंद घेतले, ब्रेक लागू लागले. जुन्या थोराड सायकलींच्या ६३५ मिलिमीटरच्या चाकांना मात्र हात लावू नये. त्यांचे दांडीचे ब्रेक रिमला आतून टेकतात, आणि एक बदलले की सगळेच बदलावे लागते.

मागच्या चाकाचे काम अधिक नाजूक होते. पाच गिअरच्या काळी मागच्या खाचांमधले अंतर १२० मिलिमीटर असे; सात दातेरी चाकांचा हब १२६ मागतो. पोलाद येथे जे औदार्य दाखवते ते अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन दाखवणार नाही: ते थंड अवस्थेतच हळूहळू वाकवता येते आणि वाकवलेल्या जागी राहते. एका बाजूस तीन, दुसऱ्या बाजूस तीन. हे काम आम्ही नाखव्यांच्या होडीच्या फळीने केले. फळी दोन नळ्यांमध्ये घालून थोडा भार द्यायचा, सोडायचे, मोजायचे; पुन्हा द्यायचा. मग दोऱ्याची कसोटी. मागच्या एका खाचेत दोरा बांधून, पुढच्या नळीला वळसा घालून, तो दुसऱ्या खाचेत ताणून आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने पाहायचे. पहिल्या खेपेस डावीकडे दोन मिलिमीटर जास्त भरले. नाखव्यांनी पट्टी न लावताच ते सांगितले. होडीचा कणा नजरेने पारखण्यात ज्याची हयात गेली त्याला पट्टी कशाला?

तर, सायकल चालते. जुने ते सोने ही म्हण ज्याने केली त्याने लोखंड समुद्रकाठी ठेवून पाहिले नसावे, म्हणून तरीतून आल्यावर दर वेळी मी घासलेटच्या फडक्याने साखळी आणि आरे पुसतो. ओळखीच्या एकाने बिल्ल्याची हुबेहूब नक्कल आणून देण्याची तयारी दाखवली होती. बगळाही तसाच, पितळही तसेच. मी नको म्हटले. पुढच्या नळीवर रिव्हेटांची ती दोन भोके तशीच आहेत, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांत मेण भरलेले आहे. जूनमध्ये नाखव्यांची होडी किनाऱ्यावर आली की तेही खरवडून नवे भरायचे ठरले आहे.