जड म्हणजे किरणोत्सारी नव्हे

गोंदिया जिल्ह्यात मोगर्रा इथे युरेनियमचा साठा आहे. सरकारी नोंदीनुसार सुमारे ३५५ टन युरेनियम ऑक्साईड. ‘एवढा जड धातू, म्हणूनच किरणोत्सारी’ असा अनेकांचा समज असतो.

एक लिटरचा तांब्या डोळ्यांसमोर आणा. पाण्याने भरला तर आतलं वजन एक किलो, शिशाने भरला तर सुमारे सव्वाअकरा, युरेनियमने भरला तर एकोणीस. सोनं त्याहूनही किंचित जड, पण मुळीच किरणोत्सारी नाही. उलट रेडियमची घनता शिशाच्या निम्मी, तरी किरणोत्सार प्रखर.

घनता ठरते अणूंच्या वजनावर आणि दाटीवर. किरणोत्सार ठरतो अणुकेंद्राच्या अस्थिरतेवर. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, रेडियम-२२६ला फक्त १,६००. वजनावरून किरणोत्साराचा अंदाज बांधू नका.