नडगीला जाहिरात कळत नाही

पहाटे पाचला नांदेडहून लातूरकडे निघालात, की लोह्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, एखाद्याच्या मुठीत मोबाइल आणि त्यावर चालू असलेलं स्टॉपवॉच. कुणी पोलीस भरतीची तयारी करतोय, कुणी अग्निवीरची. दुखतं काय विचारलं, तर उत्तर बहुधा एकच येतं: ‘शिनपेन’. म्हणजे नडगी. सुरुवातीला पळून झाल्यावर ठणकते, मग पळताना, आणि तरीही ऐकलं नाही तर जिना उतरतानासुद्धा.

या पोरांची घाई समजण्यासारखी आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. वीसपैकी वीस हवे असतील, तर मुलानं 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवायचे. म्हणजे 400 मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. तेवढ्यात पावलं पडतात हजाराच्या आसपास, आणि प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट धक्का परत देते.

खरी अडचण वेगाची नाही, वेळापत्रकाची आहे. एका भरतीची मैदानी चाचणी 2 जानेवारी 2023 ला, थंडीत सुरू झाली. त्यानंतरची, 17,471 जागांची, 19 जून 2024 ला, ऐन मृगात. अर्ज 17 लाखांच्या वर. पुढची कधी, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे बरीच पोरं वर्षभर निवांत असतात आणि भरती निघाल्याची बातमी मोबाइलवर आली, की दुसऱ्या दिवसापासून रोज पाच किलोमीटर. दम आणि स्नायू काही आठवड्यांत साथ देऊ लागतात. हाड देत नाही.

हाडाचा हिशेब

नडगीच्या हाडावर नव्यानं भार पडला, की शरीर ते हाड मजबूत करायला घेतं. पण काम सुरू होतं ते तोडफोडीनं. जुन्या धाब्याच्या घराची भिंत दुरुस्त करताना आधी खचलेला भाग उकरून काढावा लागतो आणि तेवढे दिवस भिंत आधीपेक्षा कच्ची असते, तसंच हे. हाड झिजवणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात, भरणाऱ्या मागून येतात. म्हणून सराव वाढवल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात नाजूक. नेमक्या त्याच दिवसांत पोरगं जोर लावत असतं. त्यात पोटरीचे स्नायू हाडाच्या आवरणाला ओढ देतात आणि नडगीची आतली कड दुखू लागते.

लोह्याची जमीनही यात हातभार लावते. उन्हाळ्यात इथली काळी माती भेगाळून टणक होते आणि पावसाळ्यात बुटाला गोळे धरते. पाऊस लागला की शेतवाट सुटते आणि सगळा सराव डांबरी रस्त्यावर येतो. शाळेचं मैदान मिळालं तरी लहान, वळणं जास्त, आणि सगळे एकाच दिशेनं पळणार. एकाच बाजूच्या वळणांनी दोन्ही पायांवर सारखा भार येत नाही. एक दिवसाआड दिशा बदलण्याला काही खर्च नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातल्या नव्या रंगरुटांवरचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात त्यांतल्या तिघांपैकी एकाला हाच त्रास झाला होता, आणि मुलींमध्ये प्रमाण मुलांपेक्षा जास्त होतं.

अंगठ्याची तपासणी

खाली बसा, पाय सैल सोडा. घोट्याच्या वर चार बोटांपासून नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत वर जा. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, तर बहुधा शिनपेन. पण दुखणं एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा. ही चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. पळताना पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर पडत असेल, तर तो तिसराच आजार. या दोन्हींसाठी पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

आणि वेदनाशामक गोळी खाऊन पळायचं नाही. गोळीनं दुखणं कळेनासं होतं, हाडावरचा भार तेवढाच राहतो. शिवाय घाम गाळत पळताना अशा गोळ्या मूत्रपिंडालाही जड जातात.

पळणं बंद, तयारी चालू

पहिले दोन आठवडे पळणं बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं लावला तर आराम पडतो, पण बर्फानं हाड भरत नाही. दम टिकवायला सायकल आहे. आणि गोळ्याचे 15 गुण आहेत! मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. सगळा वेळ धावण्यात घालवणारी पोरं त्याला क्वचितच हात लावतात. पाय दुखतोय ते दिवस गोळ्याचे आणि लेखी परीक्षेच्या पुस्तकांचे.

सोबत टाचा उचलण्याचा व्यायाम: पायरीच्या कडेवर उभं राहून, आधी गुडघे सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. पंधरा-पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. गुडघा वाकवला, की पोटरीतल्या खोल स्नायूला काम पडतं.

अर्धा तास भराभर चालून दुखलं नाही आणि दाबल्यावरही कळ आली नाही, की पळणं सुरू करावं: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. दहापैकी दोनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी नाहीसं झालं, तर चालेल. त्याहून जास्त दुखलं तर एक पायरी मागे. लांब ढांगा टाकण्यापेक्षा पावलं आखूड आणि भरभर पडली तर नडगीवर भार कमी येतो. नेदरलँड्समध्ये 2012 च्या एका चाचणीत खेळाडूंना असं टप्प्याटप्प्यानं पळायला लावलं, तेव्हा सलग 18 मिनिटं पळता यायला सरासरी साडेतीन महिन्यांच्या आसपास लागले. दुखणं जुनं असेल तर तेवढा धीर धरावाच लागतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. वजन कमी करायचं म्हणून जेवण तोडलं, सराव वाढवला आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. ‘पळल्यामुळं होतं तसं’ म्हणून ते सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. मुलगा असो की मुलगी, नुसत्या भाकरी-ठेच्यावर एवढा सराव निभत नाही. ताटात डाळ, दूध-दही, तिळाची चटणी आणि भूक भागेल एवढं जेवण हवं.

आता मुद्दा उरतो तो भरती नसलेल्या महिन्यांचा. निकाल लागला, नाव आलं नाही, की बूट खुंटीला जातात आणि पुढची जाहिरात येईपर्यंत तिथंच राहतात. तिथंच पुढच्या शिनपेनची पेरणी होते. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं, गप्पा मारता येतील अशा संथ वेगात पळत राहिलं, तर नडगी कामात राहते. मग जाहिरात आल्यावर शून्यापासून उभारायचं नसतं, फक्त वेग चढवायचा असतो. अकादमी चालवणाऱ्यांनीही पोरं भरती निघाल्यावर गोळा करण्यापेक्षा निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात बोलवावीत. तेव्हा मैदानं रिकामी असतात आणि हाडाला हवा असतो तेवढा वेळही हाताशी असतो.